काळ्या कागदावर हलवा: संक्रांतीचं भेटकार्ड फॉइल आणि शाईनं घरी करताना

संक्रांतीचं भेटकार्ड पहिल्यांदाच करत असाल तर कागद काळा घ्या. एक तर हा सणच काळ्या रंगाचा. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि तिच्यावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने, बोरन्हाणाला बाळाच्या काळ्या झबल्यावर हलव्याचा हार. रंगसंगती आपल्या घरातच तयार आहे, ती शोधायला कुठे जावं लागत नाही. दुसरं कारण कारागिरीचं आहे आणि नवशिक्यांसाठी तेच अधिक महत्त्वाचं. फॉइल म्हणजे सोनेरी चकाकीचा पातळ थर, तो टोनरवर (झेरॉक्सच्या काळ्या पुडीवर) चिकटवताना अधूनमधून सुईच्या टोकाएवढी जागा सुटते. पांढऱ्या कागदावर अशा प्रत्येक ठिकाणी खालचा काळा टोनर डोकावतो आणि अक्षर मळकट दिसतं. काळ्या कागदावर ती चूक दिसतच नाही. पहिल्या दिवशी हात बसलेला नसतो, तेव्हा ही सवलत फार मोलाची वाटते.

आपण जे कार्ड करणार आहोत ते असं: पुढच्या बाजूला ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ ही ओळ सोनेरी फॉइलमध्ये, तिच्या वरच्या बाजूला हलव्याच्या दाण्यांची पांढरी माळ, आणि आत हातानं लिहिण्यासाठी एक पांढरं पान. बस, एवढंच. पतंग, सुगडं, ऊस, बोरं, तिळाची फुलं सगळं एकाच कार्डावर घ्यायचा मोह होतो, तो आवरा. फॉइलची चमक एका जागी असेल तरच नजर तिथे थांबते. चार ठिकाणी चमकलं की कार्ड दुकानातल्या चकचकीत कागदासारखं दिसायला लागतं आणि हाताचं काम त्यात हरवून जातं.

सामान घ्यायच्या आधी कामाचा क्रम समजून घ्या, कारण बहुतेक कार्डं क्रम चुकल्यामुळे वाया जातात. ज्या कामाला दाब आणि उष्णता दोन्ही लागतात ते सर्वांत आधी, म्हणजे फॉइल. मग घडीची रेघ. मग शाई. आणि फक्त उष्णता लागणारी, दाब अजिबात न सोसणारी एम्बॉसिंग पावडर (तापली की वितळून उठावदार होणारी पूड) सर्वांत शेवटी. शाई आधी लावली तर ती ओलसर राहते आणि फॉइल नको तिथे तिला चिकटतं. पावडरचे उठावदार दाणे आधी केले तर फॉइल चढवणाऱ्या लॅमिनेटरच्या गरम रोलरमध्ये ते पुन्हा वितळतात. कार्ड तर जातंच, रोलरही खराब होतो.

कागद

२०० ते २५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) काळा कार्डशीट घ्या. ३०० जीएसएमचा हातात भारदस्त लागतो, पण कोपऱ्यावरच्या झेरॉक्स यंत्रातून तो बहुधा नीट जात नाही. पृष्ठभाग गुळगुळीत हवा, पण चकचकीत नको. चकचकीत कागदाच्या लेपाला फॉइल सगळीकडे चिकटायला बघतं.

घेण्याआधी दुकानात एक तुकडा मागून घ्या आणि फाडून पाहा. फाटलेली कड आतूनही काळी दिसली तर कागद गरापर्यंत रंगवलेला आहे. आत पांढरी दिसली तर फक्त वरून काळा आहे, आणि अशा कागदाला घडी घातली की घडीवर पांढरी रेघ उमटते. ती नंतर कशानंही झाकत नाही.

पुण्यात हा कागद रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळतो, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर. लहान गावात लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात विचारा. त्यांच्याकडे काळ्या कार्डशीटच्या उरलेल्या पट्ट्या असतात आणि दहा-बारा कार्डांपुरता कागद त्यातूनच निघतो.

मापाचं गणित सोपं आहे. ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो. तो आडवा अर्ध्यात कापला की दोन ए५ तुकडे मिळतात, आणि प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की १०५ × १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं. त्याला सी६ पाकीट बरोबर बसतं. या मापाचा आणखी एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. कागदाच्या तंतूंना एक दिशा असते. त्या दिशेनं घडी घातली तर ती सरळ आणि स्वच्छ बसते, आडवी घातली तर कड फाटल्यासारखी दिसते. ए४ कागदात हे तंतू बहुतेक वेळा लांब बाजूला समांतर असतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे कापलं तर घडी आपोआप तंतूंच्या दिशेनंच येते. मोठ्या शीटमधून कापून घेणार असाल तर कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेला तो सहज वाकतो, घडी त्याच दिशेला हवी.

हातकागदाचं काय, असं बरेच जण विचारतात. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. तिथला सुती चिंध्यांपासून केलेला कागद हातात घेतला की तो सोडवत नाही. पण त्याचा पोत खडबडीत असतो. टोनर त्याच्या खळग्यांत नीट बसत नाही आणि फॉइल तुटक तुटक उमटतं. म्हणून या कार्डाच्या बाहेरच्या बाजूला तो नको. आतल्या पानासाठी मात्र त्याच्याइतकं सुंदर दुसरं काही नाही, आणि कोरलेल्या ठशाची शाई तर त्याच्यावर फार छान उठते.

अक्षरं आणि झेरॉक्स

घरी करण्याजोगं फॉइलचं काम टोनरवर चालतं. टोनर म्हणजे लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्स यंत्रातली पूड. ती मुळात प्लॅस्टिकच असते, तापली की चिकट होते आणि फॉइलला धरून ठेवते. इंकजेट प्रिंटरची शाई कागदात मुरते, तिच्यावर फॉइल चिकटत नाही. घरचा प्रिंटर कोणता आहे याची शंका असेल तर एक ओळ छापून ओल्या बोटानं पुसून पाहा. फिसकटली तर तो प्रिंटर या कामाचा नाही.

फॉइल म्हणजे नेमकं काय, हेही इथेच सांगते. एका पातळ पॉलिएस्टर फिल्मवर रंगीत लाखेचा थर आणि त्याच्यावर अॅल्युमिनिअमचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. सोनेरी फॉइलमध्ये सोनं नसतं. चंदेरी अॅल्युमिनिअम पिवळसर लाखेतून दिसतं, म्हणून ते सोनेरी भासतं. उष्णतेनं आणि दाबानं हे थर फिल्म सोडून टोनरवर येतात. विकत घेताना ‘टोनर फॉइल’ असंच मागा. पत्रिकावाले धातूच्या तापलेल्या ब्लॉकनं जे फॉइल दाबतात ते वेगळं. त्याला स्वतःचा गोंद असतो आणि ते घरच्या लॅमिनेटरवर नीट काम करेलच असं नाही.

अक्षर निवडताना देवनागरीचा विचार वेगळा करावा लागतो. ‘घ्या’मधलं अर्धं अक्षर, ‘ळ’ची वळणं, ‘गू’चा ऊकार अशा बारीक जागा फॉइलनं बुजतात. म्हणून मध्यम जाडीचा आणि आतल्या जागा मोकळ्या असलेला फाँट घ्या. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ मोफत मिळतो आणि फॉइलमध्ये उत्तम उतरतो. अक्षरं २० पॉइंटच्या खाली नेऊ नका, आणि केसासारख्या बारीक रेघा किंवा रुपयाच्या नाण्याहून मोठे भरीव आकारही टाळा. बारीक रेघ तुटते, मोठ्या आकारात डाग राहतात.

ए४ पानावर दोन कार्डं एकाखाली एक बसवा. कार्ड डावीकडून उघडायचं असेल तर बाहेरची बाजू वर ठेवल्यावर पुढचं पान उजवीकडे येतं, म्हणून ओळ उजव्या अर्ध्या भागात लिहा. फाइल पीडीएफ करूनच न्या. वर्डची फाइल नेली आणि दुकानातल्या संगणकावर तो फाँट नसला, तर अक्षरं बदलतात आणि जोडाक्षरं फुटतात. दुकानदाराला तीन गोष्टी सांगा: प्रिंट फक्त काळ्या टोनरमध्ये हवी, टोनर वाचवण्याची सोय बंद हवी, आणि कागदाची सेटिंग जाड कार्डाची हवी. काळ्यावर काळं छापायचंय म्हटल्यावर तो आश्चर्यानं बघेल. फॉइलसाठी आहे म्हणालात की पत्रिकांचं काम करणाऱ्याला लगेच कळतं.

छापून आल्यावर त्या भागाला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की तिथे फॉइल धरत नाही.

फॉइल चढवणं

लॅमिनेटर ए४ आकाराचा आणि गरम रोलरचा हवा. त्याला १२५ मायक्रॉनची सेटिंग असेल तर तीच लावा, आणि तयार असल्याचा दिवा लागला तरी आणखी पाच मिनिटं तापू द्या. रोलर सगळीकडे सारखे तापायला तेवढा वेळ लागतो.

कार्डाचा कागद उजेडात तिरका धरला की छापलेली ओळ चकाकताना दिसते. तिच्यापेक्षा चहूबाजूंनी एखादा सेंटिमीटर मोठा फॉइलचा तुकडा कापा. रंगीत, चमकदार बाजू वर म्हणजे तुमच्याकडे, आणि मंद बाजू टोनरवर. हे उलटं झालं तर काहीच चिकटणार नाही. फॉइल हातानं ताणून सपाट बसवा, सुरकुती राहिली तर ती अक्षरात तशीच उमटते. मग बेकिंगचा बटर पेपर दुमडून त्याच्या आत हा जोड ठेवा आणि दुमडलेली कड पुढे करून लॅमिनेटरमध्ये घाला. उघडं फॉइल रोलरवर कधीही सोडू नका, ते रोलरला गुंडाळून बसतं.

बाहेर आल्यावर लगेच सोलू नका. कार्ड सपाट ठेवून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना टोनर मऊ असतो आणि फॉइलबरोबर तोही उचलला जातो. गार झालं की एका कोपऱ्यातून, कागदाला जवळपास लागून, सावकाश ओढा. काळ्या कागदावर सोनेरी अक्षरं उघडी होत जातात तो क्षण पाहण्यासारखा असतो. घरात मुलं असतील तर सोलायचं काम त्यांना द्या.

काही बिनसलं तर कारण बहुधा यांतलंच एक असतं. अक्षरं तुटक उमटली तर उष्णता किंवा दाब कमी पडला आहे. नवा तुकडा ठेवून पुन्हा एकदा फिरवा, मोकळ्या राहिलेल्या टोनरला दुसऱ्या वेळी फॉइल धरतं. अक्षरांच्या बाहेरही सोनेरी ठिपके आले तर झेरॉक्स यंत्रात पूड उडाली आहे. मोठे ठिपके कटरच्या टोकानं हलकेच खरवडता येतात, बारीक राहू द्या. एका बाजूला सगळं नीट आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असं झालं तर रोलर पुरता तापलेला नाही.

लॅमिनेटर नसेल तर इस्त्री चालते, पण मी ती एक-दोन कार्डांपुरतीच सुचवीन. कठीण आणि सपाट लाकडी पाट, वाफ बंद, तापमान सुती कपड्यांचं, मध्ये बटर पेपर, आणि इस्त्री फिरवण्याऐवजी एका जागी जोर देऊन दाबायची. दाब सगळीकडे सारखा पडत नाही आणि ते दिसून येतं. लेझर प्रिंटही मिळणार नसेल तर फॉइलचा गोंद बारीक नळीच्या बाटलीत मिळतो. त्यानं एखादा साधा आकार काढा, गोंद पारदर्शक आणि चिकट होईपर्यंत वाळू द्या, मग फॉइल बोटानं दाबून उचला. अक्षरांना हा मार्ग जाडा पडतो, पतंगाच्या आकाराला छान.

सोलून उरलेला फॉइलचा तुकडा टाकू नका. त्यातल्या कोऱ्या जागा पुढच्या लहान आकारांना पुरतात.

घडीची रेघ

फॉइल झालं की कागद कापून दोन कार्डं वेगळी करा. मग ज्या बाजूला फॉइल आहे त्या बाजूनं, मधोमध, पोलादी पट्टी धरून रेघ दाबा. त्यासाठी रिफिल संपलेलं बॉलपेन उत्तम. रेघेची खाच कार्डाच्या बाहेरच्या बाजूला आणि मागून आलेला उंचवटा घडीच्या आत, असं दुमडायचं असतं. खाचेकडे वळवून दुमडावं असं वाटतं खरं, पण मग जाड कागदाची कड तडकते. आत्ता फक्त रेघ दाबा, दुमडणं शेवटी. रेघ या टप्प्यावरच दाबायची, कारण पुढे हलव्याचे दाणे उठले की पट्टी सपाट बसत नाही.

हलव्याची माळ

माझ्या मते या कार्डाचा जीव या माळेत आहे. फॉइल यंत्रानं केलेलं आहे, माळ तुमच्या हाताची.

ठसा विकत घ्यायची गरज नाही. पेन्सिलीच्या मागचा गोल खोडरबर जवळजवळ हलव्याच्या दाण्याएवढाच असतो. त्याचं टोक ब्लेडनं सपाट करा आणि कडेला चहूबाजूंनी सहा-सात लहान त्रिकोणी खाचा पाडा. झाला काटेरी हलवा. खाचा एकसारख्या नसाव्यात. मंद आचेवर पाक चढवत हातानं फिरवलेल्या हलव्याचा काटा कधी एकसारखा नसतो. पेन्सिल दर वेळी थोडी फिरवून दाबली की एकाच ठशातून प्रत्येक दाणा वेगळा उमटतो. माळेच्या मधल्या पदकासाठी मऊ पांढऱ्या खोडरबरातून मोठा ठसा कोरा. बटर पेपरवर पेन्सिलीनं आकार काढायचा, तो कागद खोडरबरावर पालथा घालून नखानं घासायचा. आकार आपोआप उलटा येतो आणि ठसा मारल्यावर सुलटा उमटतो. ब्लेड नेहमी बाहेरच्या बाजूला तिरकं धरा, म्हणजे ठशाचा पाया रुंद राहतो आणि कडा खचत नाहीत.

आता शाई. कार्यालयातल्या जांभळ्या स्टॅम्प पॅडची शाई काळ्या कागदावर दिसणारच नाही. ती पाण्यासारखी मुरते. क्राफ्टच्या दुकानातल्या डाय इंकचंही तसंच: पांढऱ्या कागदावर सुरेख, काळ्यावर अदृश्य. इथे पिगमेंट इंक लागते, कारण तिच्यात रंगाचे बारीक कण असतात आणि ते कागदाच्या वर बसतात. पण एकटी पांढरी पिगमेंट इंक वाळल्यावर राखाडी पडते. म्हणून तिच्यावर ओली असतानाच पांढरी एम्बॉसिंग पावडर घालायची. पावडर वितळली की दाणा शुभ्र होतो आणि वर उठतो. कार्डावर बोट फिरवलं की हलवा हाताला लागतो.

काम असं करा. कोरड्या कापडात थोडी टाल्कम पावडर घालून पुरचुंडी बांधा आणि माळेच्या जागेवर ती हलकेच टेकवा. एम्बॉसिंग पावडर कागदाला उगाच चिकटते ती स्थिर विजेमुळे आणि दमटपणामुळे. टाल्कनं ते थांबतं. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात ही पायरी गाळू नका. पांढऱ्या पेन्सिलीनं माळेची कमान अगदी फिकट आखा. पॅड उलटा धरून ठशाच्या तोंडावर टेकवा, ठसा पॅडमध्ये खुपसू नका. खाचांत शाई भरली की काटा बुजतो. ठसा सरळ खाली न्या, दाबा, सरळ वर उचला. पाच-सहा दाणे झाले की पावडर भुरभुरवा, कागद तिरका करून जास्तीची पावडर कोऱ्या कागदावर झटका आणि परत डबीत भरा. मग पुढचे दाणे. सगळी माळ एकदम छापली तर पहिले दाणे वाळतात आणि पावडर धरत नाहीत.

बाहेर राहिलेले कण कोरड्या, मऊ ब्रशनं काढा, कारण वितळल्यानंतर ते निघत नाहीत. मग हीट गन, म्हणजे खूप गरम हवा सोडणारं हातातलं यंत्र. केस वाळवायचा ड्रायर चालत नाही, त्याची हवा पुरेशी गरम नसते आणि झोत मात्र पावडर उडवतो. गन आधी दुसरीकडे धरून तापवा, मग कार्डापासून चार-पाच सेंटिमीटरवर आणून आधी खालून, मग वरून द्या. दाणा खरखरीत असतो तो अचानक गुळगुळीत चमकतो. चमकला की पुढे सरका. जास्त तापवलं तर पावडर कागदात मुरते आणि उठाव जातो. फॉइलच्या अक्षरांवर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, गनची उष्णता त्यांना लागू देऊ नका. हीट गन नसेल तर तापलेल्या तव्यावर, न टेकवता, चिमट्यानं कार्ड धरूनही दाणे वितळतात. खिडकी उघडी ठेवा आणि हे काम लहान मुलांना देऊ नका.

शेवटी टाल्कचे पांढरट डाग सुक्या ब्रशनं झटका आणि पेन्सिलीची रेघ दाणे पूर्ण गार झाल्यावर पुसा.

आतलं पान आणि पाकीट

काळ्या कागदावर आत लिहायचं तर पांढरं जेल पेन लागतं आणि सगळ्यांना ते जमत नाही. त्यापेक्षा १०० जीएसएमचं पांढरं किंवा हातकागदाचं पान कार्डापेक्षा पाच मिलिमीटर लहान कापा, दुमडा आणि फक्त घडीलगतच्या पट्टीला गोंद लावून बसवा. पूर्ण पानाला गोंद लावला तर कार्ड वाकतं. त्या पानाच्या कोपऱ्यात तोच हलव्याचा ठसा एखाद्या रंगीत डाय इंकनं मारला तर आतलं आणि बाहेरचं एकमेकांशी जुळतं. मजकूर हातानंच लिहा. छापलेली ओळ बाहेर आहे, आत तुमचं अक्षर हवं. अक्षर वाईट असलं तरी हवं, कारण मिळणारा माणूस तेच आधी बघतो.

फॉइल घासलं गेलं की मंद पडतं, म्हणून कार्डाच्या पुढे बटर पेपरचा एक तुकडा ठेवून मग पाकिटात घाला. पाकीट फिकट रंगाचं घ्या, पत्ता आणि पिनकोड स्पष्ट दिसला पाहिजे.

वजनाचा हिशोब आधी करा, कारण टपालाच्या साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. २५० जीएसएमचं ए५ कार्ड पावणेआठ ग्रॅम, आतलं पान तीन, पाकीट साधारण पाच, म्हणजे सोळाच्या आसपास. बटर पेपर धरूनही बसतं. पण जुन्या रीतीनं आत हलव्याची लहान पुडी घालायची असेल तर टप्पा ओलांडला जाईल. शिवाय टपालाच्या शिक्क्याखाली दाणे चिरडतात आणि त्यांच्या कडा फॉइलवर ओरखडे काढतात. हलवा पाठवायचाच असेल तर बबलचं पाकीट घ्या आणि काउंटरवर वजन करूनच तिकिटं लावा.

संक्रांत १४ जानेवारीला, काही वर्षी १५ला. गावाबाहेरची कार्डं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टपालात पडलेली बरी. एखादं राहिलंच तर तेही पाठवा, तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो.